खान्देशात नवीन आलात? आधी घरातलं पाणी झाका

आम्ही रत्नागिरीहून जळगावला आलो तेव्हा मुलगी चौदा महिन्यांची होती. नद्या कोरड्या, समुद्र दूर राहिलेला. पाण्याची काळजी मिटली असं मला वाटलं. तुम्ही तसं समजू नका.

इथे बऱ्याच ठिकाणी नळाला रोज पाणी येत नाही. कुठे तीन दिवसांनी येतं, कुठे आठवड्याने. म्हणून घरोघरी अंगणात हौद, निळे ड्रम, न्हाणीत भरलेल्या बादल्या. लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. बादलीत वाकलं की तोल जातो, मग वर येता येत नाही. वीतभर पाणीही पुरतं, आणि आवाज होत नाही. माझी मुलगी बादलीत वाकली होती आणि मी फोनवर बोलत होते. शेजारच्या मावशी ओरडल्या, "वो बाई, तुनी अंडेर कोठे शे?" म्हणजे इथल्या अहिराणीत, तुझी मुलगी कुठे आहे? म्हणून ती वाचली.

हौदाला कडी-कुलपाचं झाकण बसवा. पत्र्यावर दगड ठेवून भागत नाही, पोरं तो सरकवतात. सगळ्यात वाईट वेळ नळ येतो तेव्हाची: झाकण उघडं, मोटर चालू, सगळे धावपळीत. तेव्हा एकाने पाणी भरायचं आणि एकाने फक्त मूल धरायचं. वापरून झालं की बादली पालथी घाला.

रावेर-यावलकडे केळीच्या बागांत राहणार असाल तर शेततळं बघून घ्या. त्यात अंथरलेल्या प्लास्टिकच्या कागदावरून पाय घसरला की पोहणाऱ्या मोठ्या माणसालाही वर चढता येत नाही. कुंपण हवंच, शिवाय आत सोडलेला गाठींचा दोर. बिनकठड्याच्या विहिरीजवळ मूल कडेवरच ठेवा.

तापीचा भरवसा धरू नका. पाऊस मध्य प्रदेशात किंवा विदर्भात पडतो, हतनूर धरणाचे दरवाजे उघडतात आणि इथे ऊन असतानाच पात्र भरतं. श्रावणात इथल्या कानबाई देवीच्या विसर्जनाला जरूर जा, पण मुलाचा हात सोडू नका. गिरणा नदीत वाळू काढलेले खड्डे वरून दिसत नाहीत.

मूल पाण्यातून काढलं आणि श्वास नसेल, तर उलटं धरू नका, पोट दाबू नका. तोंडाने पाच श्वास द्या, मग छातीवर तीस दाब आणि दोन श्वास, असं चालू ठेवा. दुसऱ्याला 108 लावायला सांगा. गाडीवर घालून दवाखान्याकडे पळण्याआधी, तिथल्या तिथे श्वास द्या.