रिसीव्हर बाइंड झाला, पण हेलिकॉप्टर ऐकेना: माझा अनुभव

रिमोटवर उडणाऱ्या माझ्या छोट्या हेलिकॉप्टरच्या फ्लाइट कंट्रोलरला (सर्व्हो आणि मोटर चालवणारा बोर्ड) रिसीव्हर (रिमोटचा सिग्नल घेणारा भाग) जोडला. रिसीव्हरचा दिवा स्थिर, बाइंडिंग (रिमोटशी जुळणी) झालेलं, तरी संगणकावर रिमोटच्या कांड्यांसोबत हलायला हव्यात त्या चॅनेलच्या पट्ट्या ढिम्म. दोष वायरचा नव्हता. रिसीव्हर कंट्रोलरशी ज्या भाषेत बोलतो त्या एसबसचा सिग्नल उलटा असतो आणि एफ४ प्रोसेसरच्या बोर्डावरच्या साध्या आरएक्स पॅडला (सिग्नल आत घेणारी डाग द्यायची जागा) तो थेट कळत नाही. बोर्डावर 'एसबस' छापलेल्या पॅडमागे इन्व्हर्टर, म्हणजे सिग्नल उलटवणारा भाग असतो. वायरला तिथे डाग दिला (सोल्डर केली) आणि पट्ट्या हलल्या. एफ७ प्रोसेसरच्या बोर्डात हे काम सेटिंगनेच होतं.

डाग देण्याआधी मल्टिमीटर लावा. सर्व्होंच्या (पात्यांचा कोन बदलणाऱ्या छोट्या मोटरी) लाल वायरींच्या रांगेवर ८.४ व्होल्ट असतील, तर ५ व्होल्टचा रिसीव्हर तिथे जोडायचा नाही, जळेल. तपकिरी किंवा काळी वायर ग्राउंडची, ती रिसीव्हर आणि बोर्ड दोन्हीकडे एकच हवी. बारीक सिलिकॉन वायर पुण्याच्या तापकीर गल्लीत मिळते; कडक पीव्हीसी घेऊ नका, कंपनाने डागापाशीच तुटते.

पट्ट्या हलल्या तरी पिच (पात्यांचा कोन) दिल्यावर स्वॉशप्लेट, म्हणजे सर्व्होंची हालचाल पात्यांपर्यंत नेणारी तबकडी, तिरकी होत होती. रिमोटमध्ये १२० अंशांचं मिक्सिंग (एक आज्ञा तीन सर्व्होंत वाटणं) चालू राहिलं होतं, कंट्रोलर तेच पुन्हा करत होता. रिमोटमध्ये 'एक सर्व्हो' प्रकार निवडला, प्लेट सरळ वर-खाली.

हे सगळं मोटरच्या तिन्ही वायरी काढूनच. शेवटी रिमोट बंद करून बघा: थ्रॉटलची (मोटरच्या वेगाची) पट्टी तळाला यायलाच हवी.