ठाण्यात राहून सहा हजारी शिखराची तयारी

घोडबंदर रोडला आमची बिल्डिंग २२ मजल्यांची आहे, आणि मागच्या वर्षी चार महिने मी पाठीवर सॅक लावून जिना चढताना दिसले की वॉचमन काका विचारायचे, ताई लिफ्ट बंद पडली का? पहिले काही दिवस समजावून सांगितलं, मग कंटाळून हो म्हणायला लागले. ऑगस्टमध्ये लडाखचं कांग यात्से २ झालं, ६२५० मीटर, गाईड आणि ट्रेकिंग कंपनीसोबत. तेव्हापासून ऑफिसात आणि सोसायटीत सगळे विचारतायत तयारी काय केली, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

सगळे आधी शूज कुठले घेतले ते विचारतात. शूजचं सांगते खाली, पण आधी सुट्टीचं बघा. आपण ठाण्यात जवळजवळ समुद्राच्या पातळीला राहतो, आणि साडेपाच हजार मीटरला हवेचा दाब इथल्या निम्म्यावर येतो, म्हणजे दर श्वासाला ऑक्सिजन निम्माच. त्याची सवय शरीराला फक्त दिवस देऊनच होते, जिममध्ये कितीही घाम गाळा. साधा नियम असा की ३००० मीटरच्या वर गेलात की झोपायची जागा एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आराम. आपली कळसूबाई १६४६, लेह साधारण ३५००, आणि मुंबईहून सकाळी विमानात बसलात तर दुपारच्या जेवणाला तुम्ही दोन कळसूबाई चढलेल्या असतात, त्यासुद्धा बसल्या बसल्या!

मला हे आधीच्या वर्षी कळलं. एका कंपनीचा प्लॅन होता, दोन वीकेंड धरून कमीत कमी सुट्टीत शिखर, मला वाटलं भारी. त्यात आरामाचा दिवस एकच, तोही रस्ता बंद होता म्हणून गाडीत गेला. मी तेव्हा हाफ मॅरेथॉन पळत होते, फुल फॉर्मात, आणि कॅम्पवर डोकं असं ठणकायला लागलं की बुटाची लेस बांधायला वाकले आणि तिथेच ओकले. गाईडने खाली आणलं. त्याच टीममधले एक काका, पोट सुटलेले, सावकाश चालणारे, ते मस्त वर जाऊन आले. फिटनेसचा आणि उंची मानवण्याचा फारसा संबंध नाही, उलट फिट माणूस जोरात चालतो आणि लवकर आजारी पडू शकतो. त्यामुळे तारखा ठरवताना कंपनीच्या प्लॅनपेक्षा दोन-तीन दिवस जास्तच मागा, लेहला पहिले दोन दिवस नुसतं लोळायचं आणि पाणी प्यायचं. मॅनेजरशी भांडण झालं तर आत्ताच होऊ दे.

कंपनीला विचारायचे प्रश्नही त्याच अंगाने. एका गाईडमागे शिखराच्या रात्री किती जण, गाईडने गिर्यारोहणाचा बेसिक-ॲडव्हान्स कोर्स केलाय का, हवा बिघडली तर राखीव दिवस आहे का, ऑक्सिजन सिलिंडर बेस कॅम्पला असतो की खाली गाडीत, आणि शिखर झालं नसलं तरी परत फिरायची वेळ किती वाजता. शेवटच्या प्रश्नाला "अहो मॅडम, सगळ्यांना शिखर करवतो आम्ही" असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. इन्शुरन्स घेताना उंचीची मर्यादा वाचा, बऱ्याच पॉलिसीत गिर्यारोहण धरतच नाहीत.

आता व्यायाम. बेस कॅम्प साधारण ५१०० ला, म्हणजे शिखराच्या रात्री ११५० मीटर चढायचे. मजला तीन मीटरचा धरला तर आमची बिल्डिंग ६६ मीटर, म्हणजे सतरा-अठरा फेऱ्या. मी आठवड्यातून दोनदा जिना करायचे, सुरुवात पाच फेऱ्यांनी आणि रिकाम्या सॅकने, मग दर पंधरा दिवसांनी वाढवत दहा किलोपर्यंत. वजनाला पाण्याच्या बाटल्या भरा, एक लिटर म्हणजे एक किलो, हिशोब सोपा, आणि वर गच्चीत कुंड्यांना पाणी घालून उतरताना गुडघे वाचतात. पण दहा दिवसांतून एकदा तरी वजन घेऊन उतरा, कारण मांड्या उतरतानाच जातात आणि शिखरावरून खाली यायचं तेव्हा तुम्ही आधीच सात-आठ तास चाललेले असता. वेग असा ठेवा की शेजारणीशी धाप न लागता बोलता येईल. हळू वाटतं, लाज वाटते, पण वर हाच वेग लागतो.

रविवारी डोंगर. येऊरला सकाळचा वॉक ठीक आहे पण तो नॅशनल पार्कचा भाग, पावसात धबधब्यांकडे जायला बंदी असते, उगाच आत घुसू नका. नवी मुंबईवाल्यांना पारसिक हिल आणि खारघरच्या टेकड्या जवळ. खरा कस माहुलीला, कसारा लोकलने आसनगाव, ८५८ मीटर. महिन्यातून एकदा शनिवार-रविवार लागोपाठ दोन डोंगर करा, दुसऱ्या दिवशी दुखऱ्या पायांनी चढायची सवय व्हायला हवी. कळसूबाई मी रात्री केली, डोक्याला लावायच्या टॉर्चच्या उजेडात, कारण शिखरासाठी मध्यरात्री निघतात आणि डोळ्यांना तो एवढासा गोल बघत चालायची सवय नसते.

शूज. बर्फाचे डबल बूट, क्रॅम्पॉन (बुटाखाली लावायचे काटे), आइस ॲक्स (बर्फाची कुऱ्हाड), हार्नेस (दोराला अडकवायचा कमरेचा पट्टा) हे कंपनीकडून किंवा लेहला भाड्याने मिळतं, पहिल्याच वेळी विकत घेऊ नका. पण बूट जाड मोजे घालूनच ट्राय करा, बोटं पुढे टेकली तर एक नंबर मोठा, आणि निघायच्या दोन दिवस आधी पायाची नखं कापा. मी विसरले, दोन नखं काळी होऊन गळाली. स्वतःचे घ्या ते ट्रेकिंग शूज, आणि ते महिनाभर आधी ठाण्यात घालून फिरा, लोक बघतात, बघू दे. कपडे थरांचे, आत थर्मल, वर फ्लीस, मग डाऊन (पिसांचं) जॅकेट, सगळ्यात वर वारा अडवणारं. कॉटनचा टीशर्ट मात्र नको, घामाने ओला झाला की वाळतच नाही. गॉगल कॅटेगरी ४ चाच, बर्फावरून उलटून येणाऱ्या उन्हाने डोळे भाजतात. पाण्याची बाटली सॅकमध्ये उलटी ठेवा, बर्फ वरून धरतो म्हणून, बुचाकडचं पाणी पातळ राहतं. नळीवाली पिशवी रात्री गोठते.

औषधांचं डॉक्टरांना विचारा, डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळीसुद्धा. बरेच जण १२५ मिलीग्राम दोनदा घेतात, पण सल्फाची ॲलर्जी असेल तर आधी सांगायलाच हवं. या गोळीने बोटांना मुंग्या येतात आणि रात्रीत चारदा तंबूबाहेर जावं लागतं, बायकांनो चेन नीट उघडणारी पँट घ्या. डोकेदुखी, मळमळ, भूक मेलेली, ही उंचीच्या त्रासाची सुरुवात. तोल जाऊन सरळ रेषेत चालता येत नसेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर उजाडायची वाट न बघता खाली उतरायचं. आणि गाईडला खरं सांगा. आपल्याकडे "नाही नाही, मी ठीक आहे" म्हणायची फार सवय, पैसे भरलेत ना! मी पहिल्या वेळी संध्याकाळपासून डोकं दुखत असताना लपवलं होतं.

खायला घरचं न्या. वर भूक लागतच नाही, भातावर मेतकूट आणि तूप एवढंच माझ्या घशाखाली उतरत होतं, आणि आमसूल चघळलं की मळमळ कमी वाटायची. चिक्की नेऊ नका, थंडीत फरशीसारखी होते, आमच्यातल्या एकाच्या दाताचा टवका उडाला. राजगिऱ्याचे लाडू चालतात.

अजून एक, लडाखला जाताना सिम पोस्टपेड घ्या. शिखराच्या वाटेवरच्या मार्खा व्हॅलीत शिरलं की तेही जवळजवळ गप्पच असतं, म्हणून सासूबाईंना आधीच सांगून ठेवलेलं, आठ दिवस फोन नाही आला तर समजा मी चालतेय. तरी त्या चौथ्या दिवशी कंपनीच्या ठाण्यातल्या ऑफिसात जाऊन विचारून आल्याच, येताना त्यांना चहा पण मिळाला.