दुसऱ्याच्या साइटवर बग दिसला तर काय करायचं, आणि त्याआधी कुठे थांबायचं

मागच्या पावसाळ्यात भाचीच्या क्लासची फीची पावती डाउनलोड करत होतो, ताईने व्हॉट्सअ‍ॅपवर लिंक पाठवलेली, ती फोनवर कॉपी करताना शेवटचा आकडा चुकला आणि समोर दुसऱ्याच मुलीची पावती उघडली. नाव, आईचा मोबाइल नंबर, घरचा पत्ता, सगळं. लॉगिन नाही, पासवर्ड नाही. अशा वेळी हात शिवशिवतात, अजून एक आकडा बदलून बघू, खरंच सगळ्यांचं दिसतंय का. तो आकडा बदलायचा नाही. बाकी सगळं नंतर.

कारण पहिली पावती चुकून उघडली, दुसरी तुम्ही मुद्दाम उघडलेली असते. आपल्या आयटी अ‍ॅक्ट २००० मधलं कलम ४३ बघा. मालकाच्या परवानगीशिवाय सिस्टीममध्ये शिरलात किंवा डेटा उतरवून घेतलात तर भरपाई लागू शकते, आणि तेच अप्रामाणिकपणे किंवा फसवणुकीच्या इराद्याने केलंय असं ठरलं तर कलम ६६, म्हणजे ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुमच्या मनात काय होतं ते तुम्हाला माहीत असतं, सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे कोण कधी आलं याच्या नोंदीत, फक्त दिसतं की एका आयपीवरून (इंटरनेटवरच्या पत्त्यावरून) चाळीस पावत्या उघडल्या.

"पण मला कुणाचं नुकसान करायचं नव्हतं" हे पुरेल असं समजू नका. रॉबर्ट मॉरिस नावाचा अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाचा विद्यार्थी, त्याने २ नोव्हेंबर १९८८ ला तिथल्याच एमआयटीमधल्या मशीनवरून एक वर्म सोडला, म्हणजे स्वतःच्या कॉपी करत एका मशीनवरून दुसऱ्यावर पसरणारा प्रोग्राम. काही पुसायचं नव्हतं, काही चोरायचं नव्हतं. वर्म आधी विचारायचा की या मशीनवर माझी कॉपी आहे का, आणि कुणी खोटंच "हो" सांगून त्याला अडवेल म्हणून त्याने अशी सोय ठेवली की "हो" आलं तरी सातात एकदा शिरायचंच. सातात एक हे प्रमाण फार जास्त निघालं, एकेका मशीनवर कॉपीवर कॉपी चढत गेल्या आणि मशीनं बसली, त्या वेळच्या इंटरनेटवरच्या साधारण ६० हजारांपैकी ६ हजार मशीनं गेली असा तेव्हाचा अंदाज होता. कोर्टात मुद्दा आला की नुकसानीचा हेतू नव्हता. १९९१ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की परवानगीशिवाय शिरायचा हेतू होता ना, तेवढा बस. ३ वर्षं प्रोबेशन (तुरुंगाऐवजी देखरेखीखाली राहणं), ४०० तास समाजसेवा, १०,०५० डॉलर दंड. म्हणून पहिली गोष्ट परवानगी, हेतूचं नंतर बघतात.

तर थांबलात. आता लिहून काढा, लगेच, डोक्यात ताजं आहे तोवर. तारीख, वेळ, कुठली लिंक, काय टाइप झालं, काय दिसलं. स्क्रीनशॉट एकच, आणि त्यातलं नाव-नंबर पूर्ण झाकून, अंधूक करून नाही तर सरळ काळी पट्टी मारून. ती पावती डाउनलोड झाली असेल तर पुढे कुणाला पाठवू नका, पुरावा म्हणूनसुद्धा नाही. लिंक आणि वेळ सांगितली की त्यांच्या लॉगमध्ये ते सापडतं.

पासवर्ड वगैरे चालतोय का ते बघायचं नाही हे वेगळं सांगायला नको, पण सांगतोच, कारण सगळ्यात जास्त पोरं इथेच अडकतात. ब्रिटनमध्ये प्रेस्टेल नावाची सेवा होती, टीव्हीवर मजकूर यायचा, फोनलाइनवरून. १९८४ च्या सुमारास रॉबर्ट शिफ्रीनने सहज २ चं बटण दाबत राहून आयडी टाकला, पासवर्ड १२३४, आणि आत. पुढे तो आणि स्टीफन गोल्ड प्रिन्स फिलिपच्या मेलबॉक्सपर्यंत पोचले. दोघांवर खटला झाला तो बनावटगिरीच्या कायद्याखाली, कारण कॉम्प्युटरचा कायदाच नव्हता, आणि १९८८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, ते सुटले ते योग्यच असं ठरवलं. त्यांचं बघून कुणी म्हणेल बघा सुटले की. पण त्यांच्यानंतर लगेच १९९० चा कॉम्प्युटर मिसयूज अ‍ॅक्ट आला, परवानगीशिवाय कॉम्प्युटरमध्ये शिरणं हाच गुन्हा ठरवणारा, आणि आपल्याकडे तर कायदा आधीच आहे. पासवर्ड १२३४ असला तरी दार दुसऱ्याचंच.

मग सांगायचं कुणाला? आधी साइटवर सिक्युरिटी डॉट टीएक्सटी नावाची फाइल आहे का बघा, बऱ्याच मोठ्या कंपन्या त्यात ईमेल देतात. बग बाउंटी, म्हणजे बग शोधून कळवणाऱ्याला बक्षीस द्यायची कंपनीची योजना, असेल तर त्यातला स्कोप, म्हणजे काय तपासायची मुभा आहे ते, शब्द न शब्द वाचा, जे स्कोपमध्ये नाही त्याला हात लावायची परवानगी नाही. क्लाससारख्या छोट्या ठिकाणी यातलं काही नसतं, मग ऑफिसच्या ईमेलवर. मी लिहिलेलं जवळपास असं होतं:

"नमस्कार. माझ्या भाचीची फी पावती उघडताना लिंकमधला शेवटचा आकडा चुकला आणि दुसऱ्या विद्यार्थिनीची पावती लॉगिनशिवाय दिसली. हे एकदाच झालं, मी अजून कुठलीही पावती उघडून पाहिलेली नाही, काही साठवलेलं नाही. वेळ आणि लिंक खाली देत आहे. पावती उघडण्याआधी लॉगिन तपासावं ही विनंती. मला याबद्दल काही मोबदला नको. काही विचारायचं असल्यास माझा नंबर खाली आहे."

मोबदल्याचं वाक्य मुद्दाम घातलं. "पैसे द्या नाहीतर फेसबुकवर टाकतो" असं एकदा लिहिलंत की ते खंडणीसारखं वाचलं जातं, मग तुमचा बग कितीही खरा असो. आणि स्वतःचं नाव लिहा. निनावी मेलला कुणी भाव देत नाही, उलट संशय येतो. मॉरिसच्या वर्मच्या रात्री त्याच्या मित्राने तो कसा थांबवायचा हे निनावी टाकलं होतं, पण नेटवर्कच बसलेलं, ते लोकांपर्यंत वेळेत पोचलंच नाही. त्या गोंधळानंतर त्याच महिन्यात अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात सर्ट, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या अशा संकटांत मदत करणारं पथक, सुरू झालं, कुणीतरी फोन उचलणारं असावं म्हणून.

लगेच सगळ्यांना सांगून टाकायची घाई नको. सर्टने पुढे बग जाहीर करण्याआधी ४५ दिवसांची मुदत ठरवली, दुरुस्तीसाठी तेवढी तरी द्या. आणि कागदपत्रं तर कधीच पसरवू नका. १९८९ मध्ये क्रेग नाइडॉर्फ या विद्यार्थ्याने फ्रॅक या ऑनलाइन मासिकात बेलसाउथ या टेलिफोन कंपनीच्या ९११ (अमेरिकेतला आणीबाणीचा फोन नंबर) यंत्रणेबद्दलचा कागद छापला, कागद त्याने स्वतः चोरलेला नव्हता. सरकारी वकिलांनी किंमत सांगितली ७९,४४९ डॉलर. जुलै १९९० मध्ये शिकागोत खटला चालला तेव्हा बचाव पक्षाने दाखवलं की तशीच माहिती कंपनी कुणालाही १३ डॉलरला विकते, चार दिवसांत केस मागे घेतली. पोरगा सुटला पण वकिलाचं बिल घरच्यांच्या डोक्यावर बसलं.

उत्तरच आलं नाही तर एक आठवण करा, मग सर्ट-इन. ही भारत सरकारची संस्था आहे, २००४ पासून, बग कळवायची सोय त्यांच्या साइटवर आहे. आधी पाठवलेल्या मेलच्या तारखा त्यात जोडा.

मला क्लासकडून नवव्या दिवशी फोन आला. त्या बाईंनी आधी विचारलं तुम्ही आमचं हॅक केलं का, मी मेलमधली वेळ वाचून दाखवली, मग आवाज जरा नरमला. आता पावती उघडायला ताईच्या मोबाइलवर ओटीपी येतो.