पाण्याचं मांडणशिल्प करायचंय? आधी निचरा बघा

मांडणशिल्प, म्हणजे अख्खी जागा व्यापणारी कलाकृती, पाण्याची करायचीय म्हणून नवी मुलं स्केचबुक उघडतात, तेव्हा मी एवढंच विचारते: पडलेलं पाणी जाणार कुठे? मी शिकले शिल्पकला, पण कामाचा निम्मा वेळ प्लंबर आणि इलेक्ट्रिशियनसोबत जातो. खरं तर तोच भाग मला जास्त आवडतो.

‘रेन रूम’चा अभ्यास जरूर करा. रँडम इंटरनॅशनल या गटाने ते २०१२ मध्ये लंडनच्या बार्बिकन कलाकेंद्रात मांडलं. २०१८ मध्ये शारजात त्याला कायमची जागा मिळाली. अंधाऱ्या खोलीत पाऊस कोसळत असतो, फक्त तुमच्या डोक्यावर थांबतो. कॅमेरे माणूस टिपतात आणि त्याच्या वरचे व्हॉल्व्ह बंद होतात. इथवर सगळ्यांना कळतं. पण पाच मीटरवरून सुटलेल्या थेंबाला खाली यायला साधारण एक सेकंद लागतो. म्हणजे व्हॉल्व्ह मिटला तरी आधीचं पाणी अजून हवेतच. तेवढ्या वेळात आपण सहज चालतानाही मीटरभर पुढे गेलेलो असतो. म्हणून तिथे सावकाश चालायला सांगतात. धावलात की भिजलात. गडद, चकचकीत कपडेही नकोत, कॅमेऱ्यांना ते नीट दिसत नाहीत. आत गेल्यावर माणसं संथ होतात, त्याला ध्यान म्हणा हवं तर. मला तो गुरुत्वाकर्षणाचा हिशेब वाटतो, आणि त्यामुळे काम कमी सुंदर होत नाही.

आता रुक्ष गोष्टी. दहा सेंटिमीटर पाणी साठवलं की दर चौरस मीटरला शंभर किलो वजन पडतं. जुन्या इमारतीत स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारल्याशिवाय हात लावू नका. पाण्याजवळचे व्हॉल्व्ह २४ व्होल्टचे घ्या, आरसीसीबी, म्हणजे वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी बारीक नोझल चोंदतात. एकच कोमट पाणी पुन्हा पुन्हा फिरवून फवारायचं असेल तर लिजिओनेला या फुप्फुसांना बाधणाऱ्या जंतूंचा धोका असतो, तेव्हा निर्जंतुकीकरणाचा खर्च बजेटमध्ये पहिल्याच पानावर लिहा. आयोजक तोच आधी कापतात.

सुरुवातीला एवढा पसारा कशाला? ओलाफुर एलियासन या कलाकाराच्या १९९३ च्या ‘ब्यूटी’मध्ये अंधार, एक दिवा आणि बारीक तुषार एवढंच आहे. दिव्याकडे पाठ करा. आपल्या सावलीच्या दिशेपासून सुमारे ४२ अंशांवर इंद्रधनुष्य दिसतं, आणि शेजारी उभ्या माणसाला त्याचं वेगळं. हे गच्चीवर रात्री करून बघता येतं. फक्त खालच्या मजल्यावरच्यांना आधी सांगून ठेवा.