जिल्ह्यातील आरोग्य-संशोधनासाठी वार्तापत्र कसे काढावे

जत तालुक्याच्या पूर्व भागातील एका उपकेंद्रात आमच्या पथकाने किशोरवयीन मुलींचे हिमोग्लोबिन तपासले, त्याला आठ महिने उलटल्यावर तिथल्या आशाताईंनी (गावातील आरोग्य स्वयंसेविकेने) मला विचारले, "ताई, गावाचं एकूण काय निघालं, ते सांगायला कुणी आलंच नाही." प्रत्येकीला तिचा आकडा त्याच दिवशी कळला होता आणि अहवालही वर गेला होता, गावाकडे मात्र काहीच परतले नव्हते. पुढच्या पाहणीला त्या गावात दारे उघडेनात, तेव्हा आम्ही वार्तापत्र सुरू केले.

सर्वप्रथम वाचक ठरवावा. मिरज, सांगली, कराड येथील वैद्यकीय महाविद्यालयांतील संशोधकांना एकमेकांचे काम कळण्यासाठी ई-मेल पुरतो. वार्तापत्र आशा, आरोग्यसेविका, प्राथमिक आरोग्य केंद्राचे वैद्यकीय अधिकारी आणि सरपंच यांच्यासाठी काढावे, कारण नमुने आणि माहिती त्यांच्याच विश्वासावर गोळा होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांतही सहभागी समाजाला संशोधनात सामील करून घेण्यावर भर आहे.

अंक चारच पानांचा असावा, म्हणजे ए-थ्री आकाराचा एक कागद मधोमध दुमडला की झाले. पहिल्या पानावर उद्घाटनाचे किंवा सत्काराचे छायाचित्र छापू नये. तिथे गेल्या पाहणीत काय आढळले, ते यावे. हे पान लिहिणे सर्वांत अवघड असते. "रक्तक्षयाची व्याप्ती" असे न लिहिता "दर दहा मुलींपैकी इतक्या मुलींचे हिमोग्लोबिन १२ ग्रॅमच्या खाली आहे" असे लिहावे आणि त्याखालीच लोहाच्या गोळ्या कुठे मिळतात व त्या चहाबरोबर का घेऊ नयेत, हे सांगावे. (चहातील घटकांमुळे लोह शरीरात कमी शोषले जाते, आमच्याकडे गोळी आणि चहा एकाच वेळी घेण्याची सवय सर्रास दिसते.) मजकूर छपाईला देण्यापूर्वी एका आशाताईंकडून मोठ्याने वाचून घ्यावा आणि त्या जिथे अडखळतील ते वाक्य बदलावे. जतच्या पूर्व भागात अनेक घरांत कन्नड बोलली जात असल्यामुळे तिथल्या अंकाचे एक पान कन्नडमध्ये असणे आवश्यक आहे.

दुसरे पान सर्वस्वी एका उपकेंद्राला द्यावे, आणि ते तिथल्या आरोग्यसेविकेच्या नावाने, तिच्याच शब्दांत छापावे. भागीदारीत मान कुणाला मिळतो, हे लोक बरोबर ओळखतात.

गोपनीयतेबाबत मी अतिशय आग्रही आहे. एखाद्या वाडीत क्षयरोगाचे दोनच रुग्ण असतील, तर नाव न छापताही ते कोण आहेत हे सगळ्यांना कळते. म्हणून लहान आकडे गावनिहाय न देता तालुक्याच्या एकूण आकड्यात मिळवून द्यावेत. छायाचित्रासाठी लेखी संमती घ्यावी आणि मूल अल्पवयीन असल्यास पालकांची घ्यावी. औषधाची चाचणी सुरू असताना तिचे अर्धवट निष्कर्ष छापू नयेत, आणि सहभागींना उद्देशून लिहिलेला मजकूर आधी नैतिकता समितीला दाखवावा.

संशोधनात भागीदार असलेल्या सर्व संस्थांच्या मंजुरीत अंक अडकू नये, यासाठी प्रत्येक संस्थेने एकच व्यक्ती नेमावी आणि आठ दिवसांत उत्तर न आल्यास मजकुराला संमती समजली जाईल, असे आधीच लेखी ठरवावे. रुग्णविषयक माहितीला मात्र ही सवलत लागू नाही. तिथे स्पष्ट होकार हवाच.

ग्रामसभा साधारणतः २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला होतात, तेव्हा वर्षातून चार अंक त्यांच्या दहा दिवस आधी निघावेत. ऑक्टोबरचा अंक मुळीच चुकवू नये, कारण त्यानंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबे गाव सोडतात. छापील प्रती प्राथमिक आरोग्य केंद्रातील आशांच्या मासिक बैठकीत हातोहात द्याव्यात. व्हॉट्सॲपवर पूर्ण पीडीएफ पाठवल्यास ती लहान पडद्यावर वाचता येत नाही, त्यामुळे एकेक बातमी स्वतंत्र चित्र म्हणून पाठवावी.

शेवटच्या पानाचा खालचा भाग कापून देता येईल अशा चिठ्ठीसाठी कोरा ठेवावा आणि त्यावर एकच प्रश्न छापावा: "पुढच्या वेळी आम्ही कशाचा अभ्यास करावा?" या चिठ्ठ्या बैठकीतच गोळा कराव्यात आणि पुढील अंकात प्रत्येक प्रश्नाचे उत्तर द्यावे, उत्तर "सध्या हे आम्हाला जमणार नाही" असे असले तरीही.