इथेनॉलसाठी मका विकण्याआधी विचार कसा करावा

बेळगाव भागातल्या अथणी, रायबाग, चिकोडीकडच्या शेतकऱ्याने मका इथेनॉलसाठी, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या अल्कोहोलसाठी, द्यायचा की नाही हे ठरवताना दराच्याही आधी एक साधा हिशेब मांडावा. एक टन मक्यातून साधारण ३८० लिटर इथेनॉल निघते. म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने दुचाकीची दहा लिटरची टाकी भरली आणि त्यातले इथेनॉल मक्याचे असले, तर तिच्यात सव्वापाच किलो मका गेला असे समजावे. आपल्याकडे भाकरी जोंधळ्याची, मका खातो कोण, असे यावर म्हटले जाते. पण तोच मका कोंबड्यांच्या खाद्यात जातो आणि त्याची महागाई अंड्यांच्या दरातून आपल्याच घरी येते.

म्हणून पोत्यांपेक्षा रानाकडे आधी पाहावे. घरचा जोंधळा, डाळ आणि जनावरांचा कडबा यांची वर्षाची बेगमी होऊन उरलेल्या रानात मका असेल, तर तो कोणालाही विकण्यात मला गैर दिसत नाही. जोंधळ्याचे रान मोडून मका करायचा असेल, तर विकत घ्याव्या लागणाऱ्या कडब्याचा खर्च आधी वजा करावा.

भिजून बुरशी धरलेला मका इंधनालाच गेलेला बरा, असेही सरसकट धरू नये. अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचे विष आंबवण्याने किंवा ऊर्ध्वपातनाने नाहीसे होत नाही. ते उरलेल्या चोथ्यात सुमारे तिप्पट दाट होते, आणि तो चोथा पशुखाद्य म्हणून विकला जातो. असा माल वेगळा ठेवावा, खरेदीदाराला तसे स्पष्ट सांगावे आणि चांगल्या मालात मिसळून खपवू नये.

उसाचे गणित निराळे आहे. गुऱ्हाळात रसाचा गूळ होतो आणि वाळलेली चिपाडे चुलवाणात जातात. खायचे आधी आणि उरलेले इंधनाला, या रीतीत साखर काढून उरलेल्या मळीचे इथेनॉल बसते. थेट रसाचे इथेनॉल मात्र साखरेच्या वाट्यातून येते, आणि म्हणूनच साखर कमी पडेल या धास्तीने केंद्र सरकारने डिसेंबर २०२३ मध्ये रसाच्या वापरावर बंधन घातले होते, जे पुढच्या वर्षी उठवले. कारखान्याचे सभासद असाल तर इथेनॉलपैकी रसाचे किती आणि मळीचे किती, हे वार्षिक सभेत लेखी विचारावे. पाचटाला गिऱ्हाईक आले तरी आधी खोडव्याच्या सऱ्या झाकाव्यात आणि मग उरेल तेवढेच द्यावे.