'व्हिव्हेशस' हा शब्द कसा वापरावा

पुतणीने आजोबांवर इंग्रजी निबंध लिहिला. पहिलंच वाक्य होतं, 'माय ग्रँडफादर इज व्हिव्हेशस.' आजोबा 78 वर्षांचे, रोज पहाटे टेकडी चढून येणारे. शब्दकोशात 'चैतन्यपूर्ण' असा अर्थ सापडला आणि तिने तो शब्द उचलला. अर्थ बरोबर होता, पण माणूस चुकला होता.

पहिल्यांदा उच्चार पक्का करा: व्हि-व्हे-शस. जोर मधल्या 'व्हे'वर द्यायचा. 'व्ह' म्हणताना वरचे दात खालच्या ओठाला हलकेच टेकवा. अमेरिकेत सुरुवातीला 'व्हाय'ही ऐकू येईल. स्पेलिंगचा शेवट 'डिलिशस'सारखाच, सी-आय-ओ-यू-एस.

मग मुळाकडे जा, म्हणजे शब्द विसरणार नाही. लॅटिनमध्ये 'विवेरे' म्हणजे जगणे. 'सर्व्हाइव्ह', 'रिव्हाइव्ह', 'व्हिव्हिड' हे शब्द तिथूनच आले. आणि आपला 'जीव'सुद्धा त्याच प्राचीन मुळाचा! मला हे नातं फार आवडतं, कारण व्हिव्हेशस माणूस बोलतो तोच मुळी जीव ओतून.

आता नेमका अर्थ. नुसता उत्साह किंवा धावपळ म्हणजे व्हिव्हेशस नव्हे. लग्नघरात चार अनोळखी बायकांमध्ये बसलेली एखादी मुलगी आठवा. गोष्ट सांगताना तिचे डोळे मोठे होतात, हात बोलू लागतात, मध्येच खळखळून हसते आणि पाहता पाहता सगळ्याजणी तिच्याकडे वळून बसतात. ती व्हिव्हेशस. मराठीत 'हसरी-बोलकी' जवळचं वाटतं. 'चंचल' किंवा 'बडबडी' मात्र करू नका, त्यात नावं ठेवल्यासारखं होतं.

वापरण्याआधी स्वतःला विचारा: मी कशाबद्दल लिहितोय? वय झालं तरी चपळ असलेल्या माणसाला इंग्रजीत 'स्प्राइटली' म्हणतात. आजोबांना तोच शोभला. गजबजलेला बाजार किंवा रंगलेली चर्चा 'लाइव्हली'. रंग आणि शहर 'व्हायब्रंट'. लख्ख आठवण 'व्हिव्हिड'. इथे गोंधळ सर्वांत जास्त होतो, कारण मूळ एकच. व्हिव्हेशस मुख्यतः माणसाला, त्याच्या स्वभावाला किंवा हसण्याला लावतात, आणि तेही बहुतेक वेळा स्त्रीबद्दल. पुरुषाला लावलं तर व्याकरण चुकत नाही, पण वाचणारा क्षणभर अडखळतो.

नाम करायचं असेल तर 'व्हिव्हॅसिटी'. मधला स्वर बदलतो, तेवढं जपा.

नोकरीच्या शिफारसपत्रात मी हा शब्द टाळायला सांगतो. त्यातून ज्यांची शिफारस करायची त्या बाईंचं वागणं-बोलणं कळतं, काम कळत नाही. तिथे त्यांनी काय केलं तेच लिहा आणि 'व्हिव्हेशस' हा शब्द मैत्रिणीच्या वाढदिवसाच्या पत्रासाठी ठेवा.